‘कोण’ आणि ‘कोणाचा’ : दत्तकाच्या आत्मकथनातील षष्ठीचा प्रश्न

१

वऱ्हाडातल्या गावात अनोळखी पोराला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तू कोण?’ असा नसतो. ‘कोनाचा व्हय तू?’ असा असतो. वाशीम जिल्ह्यातील आसेगावात हा प्रश्न जसा विचारला जातो तसाच तो थोड्याफार फरकाने मराठी मुलखात सर्वत्र विचारला जातो. उत्तरात स्वतःचे नाव सांगितले तर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. बापाचे नाव, आडनाव, आळी एवढे कळले की मग ओळख पटली असे मानले जाते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर आपल्या समाजात माणसाची ओळख प्रथमेत नसते, ती षष्ठीत असते. ‘मी’ हे पद ‘अमक्याचा’ या पदाशिवाय अर्थपूर्ण होत नाही.

संस्कृत व्याकरणपरंपरेत षष्ठीचे स्थान वेगळे आहे. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण ही सहा कारके क्रियेशी निगडित असतात. षष्ठी मूलतः संबंध दाखवते आणि तो संबंध क्रियेतून जन्मलेला असेलच असे नाही. म्हणून पाणिनीने तिची व्यवस्था ‘शेष’ या सदरात लावली; कारकांचा हिशेब पुरा झाल्यावर जे उरते ते षष्ठीचे. माणसाने काय केले, त्याच्यासाठी कोणी काय केले हे सारे कारकांत येते. तो कोणाचा हे मात्र शेषात. आपली सामाजिक व्यवस्था नेमकी उलट चालते. ती शेषापासून आरंभ करते आणि कारकांपर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही.

षष्ठीचा संबंध बाहेरून, एखाद्या कागदानेही बदलता येतो. खुद्द आसेगाव पूर्वी अकोला जिल्ह्याचे होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि ते वाशीम जिल्ह्याचे झाले. गावाची षष्ठी बदलली, गाव जागच्या जागी राहिले. दत्तक व्यक्तीच्या बाबतीत षष्ठी तर बदलतेच, शिवाय माणूसही जागचा हलतो; आणि आधीची षष्ठी कोणती होती हे त्याला बहुधा सांगितले जात नाही. प्रौढ वयात तो जेव्हा आपल्या जन्मदात्यांच्या शोधाला निघतो, तेव्हा तो ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे असे समीक्षक सामान्यतः गृहीत धरतात. अस्मिता, आत्मशोध, अस्तित्वाचा पेच ही परिभाषा हाताशी असतेच. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे गृहीतक तपासून घेतले पाहिजे. दत्तकाच्या शोधकथेचा गाभा ‘कोण’ हा नसून ‘कोणाचा’ हा आहे. आणि या कथांपैकी ज्या खरोखर मोलाच्या आहेत त्या या प्रश्नाचे उत्तर रक्तात शोधता शोधता कृतीत येऊन थांबतात. शेष कारकात रूपांतरित होणे, हीच या वाङ्मयप्रकाराची महत्त्वाची घटना होय.

२

आपल्या परंपरेत दत्तक ही गुपिताची बाब नव्हती, हे आधी लक्षात घ्यावे लागते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार दिले आहेत. त्यांत औरस व दत्तक तर आहेतच. शिवाय कुमारिकेच्या पोटी जन्मलेला तो कानीन आणि आईबापांनी टाकून दिलेला व दुसऱ्याने स्वीकारलेला तो अपविद्ध. ही वर्गवारी पिंडाच्या आणि वारशाच्या चिंतेतून झाली आहे, तिच्यात मुलाच्या मनाचा विचार नाही, हे खरे. परंतु प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र नाव आहे, याचाच अर्थ जन्माची हकिगत पुसली जात नव्हती. दत्तकविधानात देणारे आणि घेणारे समोरासमोर असत. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, तेव्हा कवळाणे कोणी झाकून ठेवले नाही. गोत्र बदलले, घर बदलले, नाव बदलले. मूळ मात्र सर्वश्रुत राहिले. अशा दत्तकाला शोधाची गरजच नव्हती.

धर्मशास्त्राने याहून पुढची एक कोटी कल्पिली होती. एकुलता एक मुलगा दत्तक देताना तो दोन्ही कुळांचा राहील असा करार होई, तेव्हा त्या पुत्राला ‘द्व्यामुष्यायण’ म्हणत. हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याच्या पोटात ‘अमुष्य’ हे षष्ठ्यन्त रूप आहे. ‘अमुष्य’ म्हणजे ‘त्या अमक्याचा’. द्व्यामुष्यायण म्हणजे दोन अमक्यांचा. एका माणसाला एकाच वेळी दोन षष्ठ्या लागू शकतात आणि त्या परस्परांना छेदत नाहीत, हा विचार या शब्दात साठवलेला आहे. तो मालमत्तेसाठी केलेला असला तरी विचार म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. लोकपरंपरेला तर या विचाराची सवयच आहे. देवकीनंदन आणि यशोदानंदन ही दोन्ही नावे एकाच देवाची आहेत आणि त्यांत कोणाही भाविकाला विसंगती वाटत नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने द्व्यामुष्यायणाची वाट बंद केली. त्याच्या बाराव्या कलमानुसार दत्तक गेलेल्या मुलाचे जनककुलाशी असलेले संबंध तुटतात. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे : जनककुलात राहिला असता तर ज्या व्यक्तीशी त्याला विवाह करता आला नसता, तिच्याशी त्याला दत्तक गेल्यावरही विवाह करता येत नाही. म्हणजे कायदा एका वाक्यात जन्म विसरायला सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात तो लक्षात ठेवायला सांगतो. जनककुल माहीत असलेल्या दत्तकाला हे जमू शकते. अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेल्या मुलाने ते कसे पाळावे? त्याच्यावर स्मरणाचे बंधन आहे आणि स्मरणाचे साधन मात्र नाही. आधुनिक दत्तकाचा पेच या एका कलमात जेवढा नेमका उमटला आहे तेवढा तो आपल्या कथा-कादंबऱ्यांतही क्वचितच उमटला असेल.

३

हरवलेल्या जन्माचा शोध हे पाश्चात्त्य नाट्यविचाराच्या केंद्राशी असलेले आशयसूत्र आहे. ॲरिस्टॉटलने अभिज्ञानाचा श्रेष्ठ नमुना म्हणून ज्या ईडिपसकडे बोट दाखवले तो कॉरिंथच्या राजघराण्यात वाढलेला दत्तक मुलगाच आहे. तो आपले मूळ स्वतः शोधतो, साक्षीदारांना बोलावतो, नको म्हणणाऱ्यांना गप्प करतो आणि अखेर जे सापडते त्याने उद्ध्वस्त होतो. येथे ज्ञान आणि ओळख एकरूप आहेत : जन्म कळला की माणूस तोच होतो. पॉलिबस आणि मेरोपी यांनी त्याला वाढवले याला नाटकाच्या अंतिम हिशेबात स्थान उरत नाही.

भारतीय परंपरेतील नमुने वेगळे आहेत. शकुंतला मेनकेने टाकलेली आणि कण्वाने वाढवलेली मुलगी. पण तिची जन्मकथा तिच्या सख्या दुष्यंताला मोकळेपणाने सांगतात. कालिदासाच्या नाटकातील अभिज्ञान तिच्या जन्माचे नाही, ते राजाच्या विस्मृतीचे आहे. कर्णाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचा जन्म झाकलेला आहे आणि तो त्याला सांगितला जातो. प्रथम कृष्णाकडून, मग कुंतीकडून. उद्योगपर्वात कृष्ण त्याला राज्यासह जनककुल देऊ करतो, तेव्हा कर्ण ते ज्ञान नाकारत नाही. कुंतीचा मुलगा आपण आहोत हे तो मान्य करतो. पण मग तो काय सांगतो? राधेला आपल्यामुळे पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने आपले जातकर्म केले, आपले नाव ठेवले, लग्ने लावून दिली. तो क्रियापदांची यादी सादर करतो. कुंतीच्या बाजूला एकच क्रियापद आहे आणि ते सोडून देण्याचे आहे. षष्ठीचा दावा कारकांनी खोडून काढण्याचा हा आपल्या वाङ्मयातील पहिला आणि आजही अजोड प्रसंग म्हणावा लागेल. ईडिपसला ज्ञानाने बदलून टाकले. कर्णाने ज्ञान स्वीकारले आणि ओळख स्वतः ठरवली.

मराठीतील कर्णकथांनी या प्रसंगाचे काय केले, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. तीन महत्त्वाच्या कृतींची शीर्षकेच पाहावीत. वि. वा. शिरवाडकरांचे नाटक ‘कौंतेय’ (१९५३), शिवाजी सावंतांची कादंबरी ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३). एका शीर्षकात जन्मदात्रीची षष्ठी आहे, एकात पालनकर्तीची, आणि मधल्या शीर्षकात षष्ठीच नाही, पराक्रम आहे. मराठी मनाला हा प्रश्न दोन दशके तीन बाजूंनी डाचत राहिला याची ही शीर्षके साक्ष देतात.

यांपैकी सर्वाधिक वाचल्या गेलेल्या ‘मृत्युंजय’ची रचना अनेक निवेदकांच्या आत्मनिवेदनांची आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे ते निवेदक. पालककुलातल्या भावाला, शोणाला, सावंतांनी निवेदन दिले ही महत्त्वाचीच गोष्ट आहे. परंतु राधेला निवेदन नाही. जन्म देऊन सोडणाऱ्या आईला स्वतःचा आवाज आहे आणि वाढवणाऱ्या आईविषयी आपण इतरांच्या तोंडून ऐकतो. हा केवळ तंत्राचा तपशील नव्हे. फ्रॉइडने १९०९ मध्ये बालमनातील एका कल्पनेचे वर्णन केले होते : हे आपले खरे आईबाप नव्हेत, खरे आईबाप कोणी थोर आहेत, अशी ती कल्पना. कर्णकादंबरीची लोकप्रियता या कल्पनेवर बरीचशी पोसली गेली आहे. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला नायक मुळात क्षत्रिय होता हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते आणि त्याच्या अपमानाचे दुःख त्यामुळेच गोड होते. अन्याय झाला तो सूतावर नव्हे, चुकून सूत समजल्या गेलेल्या क्षत्रियावर. जन्मशोधाची कथा अशा रीतीने जन्मश्रेष्ठत्वाला आव्हान देता देता त्याचेच समर्थन करून बसते. दत्तकाच्या कोणत्याही कथेपुढे हा धोका उभा असतो.

४

या पार्श्वभूमीवर एका वास्तव आत्मकथनाकडे वळू. मराठीत ते लिहिले गेलेले नाही, परंतु त्याचे मूळ मराठी मुलखात आहे. आशा मिरो ही १९६७ साली नाशिक परिसरात जन्मलेली मुलगी. ती नाशिकच्या आणि मग मुंबईच्या ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेत वाढली आणि १९७४ मध्ये, सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, बार्सिलोनाच्या एका दांपत्याने तिला दत्तक घेतले. १९९५ मध्ये ती प्रथम परत आली आणि २००३ मध्ये पुन्हा आली. या दोन प्रवासांवर तिने कातालान भाषेत दोन पुस्तके लिहिली. पहिल्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘गंगेची कन्या’ (२००३), दुसऱ्याच्या शीर्षकाचा ‘चंद्राच्या दोन बाजू’ (२००४). २००६ मध्ये इंग्रजी भाषांतर आले आणि येथील वाचकाला ते त्या वाटेने उपलब्ध झाले.

या लेखनाचे पहिले वैशिष्ट्य असे की, दुसरे पुस्तक पहिल्याला दुरुस्त करते. पहिल्या प्रवासात जोगिणींकडून मिळालेली जन्मकथा दुसऱ्या प्रवासात टिकत नाही. नवी माणसे भेटतात आणि हकिगत बदलते. आत्मचरित्रात निवेदक आपल्या आयुष्याचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार असतो असे आपण मानतो. वस्तुतः कोणालाच आपला जन्म आठवत नाही; आरंभाचे प्रकरण प्रत्येकाने दुसऱ्याकडून उसनेच घेतलेले असते. फरक इतकाच की, घरात वाढलेल्या माणसाला आजी, मावशी, शेजारीण असे अनेक साक्षीदार असतात आणि त्यांच्या सांगण्यातून एक सत्य घट्ट होत जाते. दत्तकाला एकच साक्षीदार असतो, संस्था. आणि संस्थेची आठवण म्हणजे नोंदवहीतल्या चार ओळी किंवा एखाद्या वृद्ध जोगिणीचे दयाळू बोलणे. ती हकिगत मुलाला झेपेल अशी सांगितलेली असते. म्हणजे ती आधीच एक संहिता असते आणि तिचा वाचक ठरलेला असतो. मिरोची दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचताना या दयाळू संहितेची चिकित्सा कशी होते ते दिसते.

दुसरे वैशिष्ट्य नावाचे. फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या लेखक-वाचकांतील कराराच्या रूपात मांडली. लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचे नाव एकच असणे, हा त्या कराराचा पाया. विशेषनाम एका व्यक्तीकडे निःसंदिग्ध बोट दाखवते, हे त्यात गृहीत आहे. मिरोला २००३ मध्ये तिची सख्खी बहीण सापडते आणि तिचेही नाव आशाच असते. ज्या एका गोष्टीवर दत्तकाचा संपूर्ण ताबा आहे असे वाटत होते, जी बार्सिलोनातही बदलली गेली नव्हती, ते नावही सामायिक निघते. लेजनचा करार येथे डळमळतो. ‘आशा’ या प्रथमान्त पदाने आता कोणतीच एक व्यक्ती निश्चित होत नाही. निश्चित होते ती केवळ ‘कोणाची आशा’ या षष्ठीने. एका आशाचे आयुष्य गोदावरीच्या खोऱ्यात गेले, दुसरीचे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर. ‘माझे आयुष्य असे झाले असते’ हे वाक्य एरवी कल्पनेतच राहते. या निवेदिकेसमोर ते देह धारण करून, तिच्याच नावाने उभे राहते.

तिसरा मुद्दा भाषेचा. सात वर्षांची मुलगी बोलत होती ती भाषा बार्सिलोनात तिच्या ओठांवरून गेली. बहिणी भेटतात तेव्हा त्यांच्यामध्ये दुभाषा असतो. जनककुलाशी असलेले नाते भाषांतरातूनच बोलू शकते, आणि आपणही ते पुस्तक भाषांतराच्या भाषांतरातून वाचतो. मराठी वाचकाची स्थिती येथे विलक्षण होते : निवेदिकेला जे ऐकू येऊनही कळत नाही ते, म्हणजे तिच्या आप्तांचे मूळ मराठी बोलणे, तो मनात पुन्हा रचू शकतो. अनेकदा इंग्रजी वाक्याखालून मराठी वाक्य ऐकू येते. लेखिकेपेक्षा वाचक तिच्या जन्माच्या अधिक जवळ असावा, असा प्रसंग आत्मचरित्राच्या वाचनात क्वचितच येतो. सरू ब्रायर्ली याच्या २०१३ मधील आत्मकथनाशी ताडून पाहिले असता हा मुद्दा स्पष्ट होतो. खांडव्याचा हा मुलगा टास्मानियात वाढला. त्याने ‘गणेश तलाई’ हे आपल्या वस्तीचे नाव बालमुखातल्या मोडक्या उच्चारात जपून ठेवले आणि उपग्रहाच्या नकाशांवर शोध घेत तो घरी पोहोचला. त्याच्याजवळ एक शब्द उरला होता आणि शोध त्याच्या हाती राहिला. मिरोजवळ तसा शब्द नाही. तिला इतरांच्या शब्दांवर विसंबावे लागते.

चौथा मुद्दा शीर्षकाचा. ‘गंगेची कन्या’ हे नाव वाचताच मराठी अभ्यासकाच्या कपाळावर आठी पडेल. नाशिकची मुलगी गंगेची कशी? युरोपीय वाचकाला भारत म्हटले की गंगा आठवते, त्याच्यासाठी केलेली ही सजावट, असा निष्कर्ष सहज काढता येतो आणि तो सर्वस्वी चूकही नाही. परंतु नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या काठचा प्रदेश म्हणजे गंगथडी. गंगापूर आणि गंगाखेड ही गावांची नावे याच नदीवरून पडली. अनभिज्ञतेतून आलेले म्हणून जे शीर्षक आपण बाजूला सारणार होतो ते स्थानिक बोलीत अक्षरशः खरे ठरते. हा योगायोग असेल. पण परक्या भाषेत लिहिलेल्या संहितेला तिची हरवलेली मातृभाषा पाठीमागून येऊन दुजोरा देते, हे वाचनाच्या पातळीवर नाकारता येत नाही. आणि गंगाखेड म्हटले की जनाबाईची आठवण अपरिहार्य होते. परंपरा सांगते की तीही तेथून लहानपणीच पंढरपुरास नामदेवाच्या घरी आणून सोडलेली मुलगी. तिने आपल्या अभंगांत स्वतःची ओळख त्या घराच्या षष्ठीतूनच सांगितली आणि दळण-कांडणाच्या कामातून ती षष्ठी सिद्ध केली.

मिरोच्या पुस्तकात तिच्या दत्तक आईच्या दैनंदिनीतील उतारे येतात. ‘मृत्युंजय’मध्ये राधेला जे मिळाले नाही ते येथे बार्सिलोनाच्या आईला मिळाले आहे : तिचा स्वतःचा आवाज. दैनंदिनी हा क्रियापदांचा वाङ्मयप्रकार आहे. आज काय केले याची ती नोंद असते. जनककुलाच्या शोधाच्या कथेत मधूनमधून येणारी ही पाने कर्णाने कृष्णापुढे ठेवलेल्या यादीची सख्खी भावंडे आहेत. त्यामुळे या आत्मकथनाला दोन माता आहेत, दोन भाषा आहेत आणि दोन आशा आहेत. कायद्याने बंद केलेले द्व्यामुष्यायणत्व वाङ्मयाने असे पुन्हा उघडले आहे.

५

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो आणि तो रास्त आहे. मिरोचा शोध सुखरूप पार पडतो, कारण ती युरोपीय नागरिक म्हणून येते. भारतात राहिलेल्या दत्तकाने किंवा अनाथाने ‘मी कोणाचा?’ असे विचारले तर त्याचा पहिला अर्थ ‘माझी जात कोणती?’ असाच होतो. तिच्या निवेदनात दारिद्र्य आहे, मृत्यू आहे, मुलीचे ओझे होणे आहे; जात ही मात्र त्या कथनाची चालकशक्ती होत नाही. तो प्रश्न समजून घेण्यासाठी ‘अक्करमाशी’कडे (१९८४) जावे लागते.

शरणकुमार लिंबाळे यांचे हे आत्मकथन दत्तकाचे नाही. त्यात आई आहे, आजी आहे आणि बाप कोण हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही षष्ठीचा प्रश्न येथे सर्वांत उघडा पडतो. तोळ्याचे मासे बारा. अक्करमाशी म्हणजे अकरा माशांचा, एका माशाने उणा. बापाचा कबूल केलेला संबंध नसणे हीच ती एका माशाची तूट. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव लागते तेव्हा त्या नावाला खुद्द बापाचाच विरोध होतो. मिरोला ‘कोणाची’ हे माहीत नव्हते. लिंबाळ्यांना माहीत आहे, पण ते बोलता येत नाही. यावरून एवढे निश्चित होते की, जन्माची माहिती मिळणे आणि षष्ठी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती कागदावर असते, षष्ठी समाजाच्या हाती असते. केवळ माहितीला मुक्ती समजणारी समीक्षा ‘अक्करमाशी’पुढे निरुत्तर होते.

याच प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात कृतीने दिलेले एक उत्तर आपल्याजवळ आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्याची जन्मकथा लपवली गेली नाही आणि तिचा त्रासही झाला. त्याला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. १८८९ मध्ये सत्यशोधक सहकाऱ्याच्या घरात त्याचे लग्न झाले. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस ठरवले होते. येथे दत्तकाची दिशा कर्णकथेच्या नेमकी उलट आहे. ‘उच्च’ जन्म सापडून नायकाचा उद्धार होत नाही. ‘उच्च’ मानलेला जन्म ठाऊक असूनही तो निर्णायक ठरू दिला जात नाही. मराठी कादंबरीने कर्णावर जेवढी शाई खर्च केली तिचा लहानसा अंशही यशवंताच्या वाट्याला आला नाही, ही आपल्या वाङ्मयीन अभिरुचीवरची एक टिप्पणीच समजावी.

आज शासनालाही या प्रश्नाचे अस्तित्व मान्य करावे लागले आहे. ज्यांचे आईबाप व जात ज्ञात नाही अशा अनाथांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १ टक्का समांतर आरक्षण ठेवले. प्रत्येक अर्जात ‘कोणाचा’ विचारणाऱ्या व्यवस्थेने ‘कोणाचाच माहीत नाही’ हेही एक उत्तर असू शकते, असे प्रथमच नोंदवले.

६

या विवेचनावरून कोणी असे समजू नये की, प्रस्तुत लेखकाचा जन्मशोधाला विरोध आहे. वाढवणाऱ्यांचे ऋण पुढे करून दत्तकाला गप्प बसवणे हा कर्णाच्या उत्तराचा विपर्यास होय. कर्णाने निवड केली ती जाणून घेतल्यानंतर. न जाणता केलेल्या निष्ठेला निवड म्हणता येत नाही. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकविधानासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि पुढे १९९० मध्ये केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. २०१७ च्या दत्तक नियमावलीत, आणि तिच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमावलीत, दत्तकाच्या मूळशोधाची तरतूद आहे; त्याचबरोबर जन्मदात्यांच्या खाजगीपणाला त्या शोधाने धक्का लागू नये अशी अटही आहे. ही अट ज्यांच्यासाठी आहे त्यांत मूल सोडण्यावाचून गत्यंतर नसलेल्या किती कुंती असतील, याचा विचार केला म्हणजे तिच्यातील करुणा कळते. पण दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या आयुष्याचे पहिले पान त्या अटीमुळे कायमचे मिटलेले राहू शकते. दोन न्याय्य गोष्टींमधला हा संघर्ष आहे. कोणत्याही नियमाने तो पुरता मिटणार नाही, आणि म्हणूनच त्याला वाङ्मयाची गरज आहे.

समीक्षेने या वाङ्मयाकडे पाहताना तीन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, ‘मुळे’, ‘मुळांशी नाते’ ही रूपके जपून वापरावीत. झाडाला एका जागी मुळे असतात. माणसाला नाती असतात आणि ती अनेक ठिकाणी असू शकतात. ज्या समाजात मूळ विचारणे म्हणजे जात विचारणे, तेथे हे रूपक निष्पाप राहत नाही. देशीवादाच्या चर्चेत या रूपकाचा जो सैल वापर झाला तोही या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. दुसरी, दत्तकाच्या आत्मकथनात कोणाला आवाज आहे आणि कोणाला नाही हे मोजून पाहावे. जन्मदाती, पालनकर्ती, संस्था, दुभाषा आणि मागे राहिलेले भावंड यांपैकी जो मुका आहे त्याच्यापाशीच त्या संहितेची मर्यादा सापडते. तिसरी, शोध यशस्वी झाला की कथा पूर्ण झाली असे मानू नये. मिरोचे दुसरे पुस्तक हा पहिल्याचा उपसंहार नसून त्याचे खंडन आहे आणि खंडनानंतरही निवेदिका तितकीच दोन्ही घरांची राहते.

‘कोण’ या प्रश्नाला एक उत्तर असते, किंवा असावे अशी अपेक्षा असते. ‘कोणाचा’ या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे असू शकतात आणि त्यांतली काही माणसाला स्वतः मिळवावी लागतात. दत्तकाचे आत्मकथन आपल्याला हे शिकवते, आणि ते केवळ दत्तकांपुरते खरे नाही. ज्यांनी आपल्यासाठी काही केले आणि ज्यांच्यासाठी आपण काही केले, त्यांचे आपण असतो. बाकीचे सारे पाणिनीने म्हटल्याप्रमाणे शेष.